एचपीवरून मोटर ठरते, ट्रॅक्टर ठरतो. आलिशान सेडान ठरते का?

विदर्भातल्या कास्तकाराला एचपी समजावून सांगावी लागत नाही. विहिरीवर तीनची मोटर बसवायची की पाचची, ट्रॅक्टर पंचेचाळीसचा घ्यायचा की पन्नासचा, यावर चहाच्या टपरीवर तासभर खल होतो. सरकारही याच भाषेत बोलतं. २०२४ मध्ये शेतीपंपांना मोफत वीज द्यायचं ठरलं तेव्हा रेष साडेसात एचपीवर ओढली गेली. म्हणून तालुक्याच्या मंगल कार्यालयासमोर एखादी मर्सिडीज येऊन थांबली की तिच्या ड्रायव्हरला पहिला प्रश्न हाच येतो, "किती एचपीची हाय भाऊ?" दुसरा असतो, "अ‍ॅव्हरेज किती देते?"

दुसऱ्याचं उत्तर ऐकून लोक मान हलवतात. पहिल्याचं उत्तर ऐकून मात्र अलीकडे हिरमोड होऊ लागला आहे आणि त्यामागचं कारण समजून घेण्याजोगं आहे.

मर्सिडीजची एस-क्लास म्हणजे या वर्गातली मापदंड मानली जाणारी गाडी. तिची डिझेल आवृत्ती, एस ३५० डी, २०२१ मध्ये चाकणच्या कारखान्यात जुळून बाजारात आली तेव्हा शोरूमची किंमत होती १ कोटी ५७ लाख. ताकद २८६ पीएस, म्हणजे जवळपास तेवढीच एचपी. शून्यापासून शंभरचा वेग ६.४ सेकंदांत. चाकणलाच महिंद्राचाही कारखाना आहे. तिथून निघणाऱ्या एक्सईव्ही ९ई या विजेवरच्या गाडीच्या मोठ्या बॅटरीच्या आवृत्तीची ताकदही २८६ पीएस, शंभरचा वेग ६.८ सेकंदांत, आणि २०२५ च्या सुरुवातीला तिच्या सगळ्यात वरच्या मॉडेलची किंमत जाहीर झाली साडेतीस लाख. आकडा तोच. मग मधल्या सव्वा कोटीत माणूस काय विकत घेतो? तीन कोपऱ्यांच्या ताऱ्याची किंमत त्यात आहे, हे उघड आहे. पण सगळी तीच नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आलिशान सेडानमध्ये इंजिन महत्त्वाचं असतं, पण ते किती जोरात ओढतं यासाठी कमी आणि ओढताना ते किती कमी जाणवतं यासाठी जास्त. एचपीच्या आकड्यात हे दुसरं मोजलंच जात नाही.

आकडा कशाचा?

जेम्स वॅटला अठराव्या शतकात आपली वाफेची इंजिनं विकायची होती. गिऱ्हाइकांकडे घोडे होते, म्हणून त्याने इंजिनाची ताकद घोड्यांत सांगायला सुरुवात केली. आज गाड्यांच्या जाहिरातीत 'पीएस' म्हणून जो आकडा दिसतो त्याचा अर्थ असा: ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याची ताकद म्हणजे एक पीएस. ब्रिटिश पद्धतीची बीएचपी याहून दीडेक टक्क्याने मोठी, म्हणून त्याच गाडीचा आकडा एका ठिकाणी २८६ आणि दुसऱ्या ठिकाणी २८२ दिसला तर कोणी खोटं बोलत नसतं.

हे विहिरीवर लावून बघा. पाच एचपीची मोटर, ३० मीटर खोल पाणी. पंचाहत्तर पंचे पावणेचारशे, भागिले तीस. म्हणजे कागदावर सेकंदाला साडेबारा लिटर. प्रत्यक्षात पंप, पाइप आणि डीपीवरचं पडलेलं व्होल्टेज आपापला वाटा खातात, ते आपल्याला माहीतच आहे. गाडीतही इंजिनाची ताकद चाकापर्यंत जाईस्तोवर गिअरबॉक्स आणि बेअरिंग थोडी खातात.

आता टॉर्क. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि एचपी म्हणजे तो जोर गुणिले मिनिटाला होणारे फेरे. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर दोन हजार फेऱ्यांच्या आसपास आपली पूर्ण ताकद देतो. हिशेब केला तर त्या वेळी त्याचा टॉर्क येतो साधारण १७५ न्यूटन मीटर. मारुती स्विफ्टच्या ज्या १.२ लिटर चार सिलिंडर इंजिनाने आपल्याकडे वर्षानुवर्षं राज्य केलं, त्याची ताकद त्र्याऐंशी पीएसच्या घरात होती, म्हणजे ट्रॅक्टरहून कितीतरी जास्त. पण टॉर्क फक्त ११३, आणि पूर्ण ताकद हवी तर फेरे सहा हजारांवर न्यावे लागत. ट्रॅक्टर घुमत नाही, रेटतो. स्विफ्ट घुमते तेव्हा पळते. एचपीचा आकडा एकटा वाचला तर यातला फरक दिसत नाही.

आलिशान सेडानचं इंजिन या बाबतीत स्विफ्टपेक्षा ट्रॅक्टरच्या जवळचं असतं, हे ऐकून शोरूमवाले नाराज होतील, पण आहे तसंच. एस ३५० डी आपला ६०० न्यूटन मीटरचा पूर्ण टॉर्क १,२०० फेऱ्यांपासूनच द्यायला लागते. रोल्स-रॉइस फँटमच्या पावणेसात लिटरच्या बारा सिलिंडरी इंजिनाला ९०० न्यूटन मीटर मिळतात ते १,७०० फेऱ्यांवर. नवव्या गिअरमध्ये ताशी १२० ने चाललेली एस-क्लास दीड हजार फेऱ्यांच्या आतबाहेर असते. त्याच वेगाला पाच गिअरची लहान पेट्रोल गाडी साडेतीन हजारांच्या आसपास ओरडत असते. आत बसलेल्या माणसाला थकवतो तो हाच फरक. नागपूरहून निघून शिर्डीला उतरल्यावर अंग आंबलेलं असतं की नाही, ते बरंचसं यावर ठरतं.

लागते किती?

समृद्धी महामार्ग झाल्यापासून विदर्भात मोठ्या गाड्यांची चर्चा वाढली, आणि ते स्वाभाविक आहे. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, आणि जून २०२५ मध्ये शेवटचा तुकडा उघडून ७०१ किलोमीटरचा रस्ता मुंबईच्या वेशीपर्यंत पोचला. कारना वेगमर्यादा १२०. वर्धा, कारंजा, मेहकर, सिंदखेडराजा, सगळीकडे चढण्या-उतरण्याची सोय. साहजिकच वाटतं की आता मोठं इंजिन सार्थकी लागेल.

हिशेब मात्र वेगळंच सांगतो. पावणेदोन टनांची, बऱ्यापैकी निमुळत्या अंगाची सेडान सपाट रस्त्यावर एकसारख्या १२० ने चालवायला हवेचा अडथळा आणि टायरचं घर्षण मिळून जेमतेम ३० एचपी लागतात. एसीचे थोडे वेगळे. म्हणजे २८६ पैकी अडीचशे घोडे रांगेत उभेच. शंभरच्या वेगाला तर वीस एचपीत भागतं. हवेवर मात करायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणून वेग दुप्पट केला की ती आठपट होते. जर्मनीत काही रस्त्यांवर लोक २२० ने जातात, तिथे त्या घोड्यांना काम मिळतं. आपल्याकडे कॅमेऱ्याचं चलन मिळतं.

मग ही ताकद कामाला येते कधी? वेग धरून ठेवायला नव्हे, वाढवायला. दुपदरी रस्त्यावर कापसाने भरलेला ट्रक पुढे आहे, समोरून मोकळं दिसतं, तुम्हाला ८० वरून १२० वर जायचं आहे. दोन टनांची गाडी हे पाच सेकंदांत करणार असेल तर निव्वळ गाडी रेटायला सुमारे १६५ एचपी लागतात. दहा सेकंद चालत असतील तर त्याच्या निम्म्या. आणि ते जास्तीचे पाच सेकंद म्हणजे उलट्या बाजूच्या पट्ट्यात आणखी सव्वाशे-दीडशे मीटर. वणी-चंद्रपूरकडच्या कोळशाच्या ट्रकांच्या रांगेत हा फरक क्षुल्लक नाही. म्हणून 'ताकदीला काय करायचं' असं म्हणणारा माणूसही मला पटत नाही. दोन टनांच्या गाडीला दोनशेच्या आसपास ताकद असावी. त्यापुढचा प्रत्येक घोडा चालवणाऱ्याच्या हौसेसाठी असतो. मागच्या सीटवर बसलेल्या आजीला त्याचा उपयोग नाही, उलट ड्रायव्हर तरुण असेल तर त्रासच.

कमी ताकदीने काय होतं याचं आपल्याच देशातलं उदाहरण आहे. १९८४ च्या सुमारास हिंदुस्थान मोटर्सने काँटेसा आणली. अंग लांबरुंद, समोरून रुबाबदार, आत ऐसपैस जागा. पण बॉनेटखाली अ‍ॅम्बेसिडरचंच दीड लिटरचं, पन्नासेक एचपीचं इंजिन. गाडी हलायलाच तयार नसे. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन बसवल्यावर तिला मान मिळाला. तेव्हा तळाची एक मर्यादा आहे आणि तिच्याखाली गेलं की रुबाबाचं हसं होतं.

त्याउलटचं उदाहरणही ऐका. १९७० च्या दशकात मर्सिडीजची डब्ल्यू १२३ मालिका आली. तिच्यातल्या सगळ्यात साध्या डिझेल गाडीची, २०० डी ची ताकद होती फक्त ५५ पीएस. आपल्याकडच्या मोठ्या ट्रॅक्टरइतकी. शंभरचा वेग गाठायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागे. तरी जगभर ती भक्कम, भारदस्त गाडी म्हणून ओळखली गेली आणि या मालिकेच्या सव्वीस लाखांहून जास्त गाड्या बनल्या. आणि कलेक्टरची पांढरी अ‍ॅम्बेसिडर गावात शिरली की जी शांतता पसरायची, ती तिच्या एचपीमुळे नक्कीच नव्हती.

रोल्स-रॉइस कंपनी तर कित्येक दशकं हॉर्सपॉवरचा आकडाच सांगत नसे. विचारलं तर उत्तर मिळे, पुरेशी आहे. आता त्यांना आकडा छापावा लागतो, कारण गिऱ्हाईक बदललं.

सिलिंडर कशासाठी मोजतात

इंजिनाची निवड ही खरी रंगतदार गोष्ट इथे सुरू होते.

वीज नसताना विहिरीवर जे एका सिलिंडरचं डिझेल इंजिन लावत, ते आठवा. जमीन हादरायची, पत्रे वाजायचे, बोलायचं तर बाजूला जावं लागे. फोर-स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांत एकदाच इंधन पेटतं. एकच सिलिंडर असला की एक धक्का आणि मग लांबलचक रिकामी जागा. चार सिलिंडर असले की दर अर्ध्या फेऱ्याला एक धक्का, सहा असले की एका फेऱ्यात तीन, बारा असले की सहा. धक्के जितके जवळजवळ तितके ते एकमेकांत मिसळतात.

पण एवढंच असतं तर सोपं होतं. दुसरी भानगड पिस्टनच्या वजनाची. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, म्हणून वाटतं हिशेब फिटला. तो पूर्ण फिटत नाही. पिस्टनला जोडलेला दांडा तिरका होत जातो, त्यामुळे वरच्या अर्ध्या भागात पिस्टन जास्त वेगाने आणि खालच्या अर्ध्यात कमी वेगाने चालतो. या असमानतेतून दर फेऱ्याला दोनदा इंजिन वर-खाली थरथरतं. इंजिन जितकं मोठं तितकी थरथर जास्त. एका ओळीत सहा सिलिंडर ठेवले की मात्र गणित असं जुळतं की ही थरथर आपोआप रद्द होते, काही जादा यंत्रणा लावावी लागत नाही. बारा सिलिंडरचं 'व्ही' इंजिन म्हणजे अशी दोन सहाची इंजिनं कोनात बसवलेली. म्हणून आलिशान गाड्यांच्या जगात सहा आणि बारा यांना मान. बीएमडब्ल्यूने एका ओळीतलं सहाचं इंजिन कधी सोडलंच नाही. मर्सिडीजने मधली वीसेक वर्षं व्ही-सहा वापरलं आणि २०१७ मध्ये एस-क्लासला पुन्हा ओळीतलं सहा दिलं.

याचा सगळ्यात शुद्ध नमुना जर्मन नाही, जपानी आहे. टोयोटा सेंचुरी. १९९७ च्या पिढीला कंपनीने पाच लिटरचं बारा सिलिंडरी इंजिन दिलं आणि ताकद ठेवली २८० पीएस. त्या काळी जपानी कंपन्यांत आपसात २८० च्या वर न जाण्याचा समझोता होता, हे एक कारण. पण मुळात बारा सिलिंडर घेतले ते ताकदीसाठी नव्हतेच, न जाणवण्यासाठी होते. त्या गाडीत सीटना लोकरीचं कापड पसंत करतात, कारण चामडं हालचालीत करकरतं. एवढ्या बारकाईने शांततेचा विचार करणाऱ्या माणसाला एचपी विचारायची म्हणजे कीर्तनकाराला आवाज किती डेसिबलचा असं विचारण्यासारखं आहे.

आता उलटा पुरावा. मर्सिडीजच्या एएमजी विभागाची सी ६३ एस ही तापट सेडान पूर्वी चार लिटरच्या आठ सिलिंडरी इंजिनासह यायची, ५१० पीएस. नव्या पिढीत त्यांनी दोन लिटरचं चार सिलिंडरी इंजिन आणि विजेची मोटर एकत्र करून ६८० पीएस काढले. कागदावर एकशे सत्तर घोडे वाढले. चाहते मात्र नाराज झाले. त्यांना तो आठ सिलिंडरचा घुमणारा आवाज हवा होता. आकडा वाढला की समाधान वाढतं हे गृहीतक इथे सरळ आपटलं.

पण म्हणून चार सिलिंडर म्हणजे हलकी गाडी, हेही आता खरं नाही. थरथरीच्या उलट दिशेने फिरणारे बॅलन्स शाफ्ट आणि इंजिनाखालची तेल भरलेली रबरी आसनं यांनी बरंच काम सोपं केलं आहे. आज भारतात विकली जाणारी मर्सिडीज ई-क्लासची ई २०० आणि ई २२० डी, दोन्ही दोन लिटर, चार सिलिंडर, ताकद दोनशेच्या आगेमागे. मागे बसून सहसा कळत नाही. पहाटे थंड इंजिन सुरू केलं की किंवा चढावर दाबलं की कळतं.

जाता जाता, डिक्कीवरच्या आकड्यांना भुलू नका. ३५० डी मध्ये साडेतीन लिटर नसतात, २.९ लिटर असतात. बीएमडब्ल्यूच्या ५३० एलआय मध्ये तीन नाही, दोनच. कधीकाळी हे आकडे सीसी सांगत, आता ते फक्त दर्जा सांगतात.

आपल्या उन्हात, आपल्या रस्त्यावर

इंजिनाची ताकद मोजताना हवा २५ अंशांची धरून हिशेब केला जातो. मे महिन्यात अकोल्याला किंवा ब्रह्मपुरीला ४६ अंश असतात. तापलेली हवा विरळ होते. या दोन तापमानांतला फरक धरला तर हवेची घनता सहा-सात टक्क्यांनी उतरते आणि टर्बो, म्हणजे हवा दाबून भरणारा पंखा, नसलेलं इंजिन जवळपास तेवढीच ताकद गमावतं. टर्बोवाल्या गाडीला ती हवा गार करणारा इंटरकूलर थोडं सांभाळून घेतो. त्यात एसी पूर्ण क्षमतेने ओढत असतो. तेव्हा कंपनीच्या कागदावरचा आकडा आपल्या उन्हाळ्यात कधीच पूर्ण मिळत नाही. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी त्याची आठवणही येत नाही. मागच्या सीटला स्वतंत्र एसी आहे का, काचेवर ऊन अडवणारा थर आहे का, सीटमधून गार हवा येते का, हे आठवतं.

शांततेचं गणितही इंजिनापाशी संपत नाही. शंभरच्या पुढे इंजिनापेक्षा टायर आणि वारा जास्त बोलतात, आणि समृद्धीच्या सिमेंटच्या रस्त्यावर टायरची घरघर डांबरापेक्षा जास्त असते. २०२० च्या रोल्स-रॉइस घोस्टमध्ये निव्वळ आवाज शोषणारं सामान शंभर किलोंहून जास्त भरलं होतं. कंपनीचंच सांगणं असं की गाडी सुरुवातीला इतकी शांत झाली की आतल्या माणसांना विचित्र वाटू लागलं, आणि शेवटी थोडा मंद सूर मुद्दाम राखावा लागला. सव्वा कोटींच्या फरकातला मोठा हिस्सा असा आहे: दुहेरी काच, दाराची सीलं, हवेवरचं सस्पेन्शन, मागच्या सीटची मांडणी. भारतातल्या एस-क्लासच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ३,२१६ मिलिमीटर आहे, डिझायरचं २,४५०. पाय पसरण्याची जागा याच्यातून येते.

आणि मग काळ्या मातीचा रस्ता. ही माती पावसात फुगते, उन्हात फाटते, आणि वरचं डांबर तिच्यासोबत लाटा घेतं. महामार्ग सोडून गावाकडे वळल्यावर शेवटच्या दहा-बारा किलोमीटरमध्ये बारा सिलिंडर काहीही करू शकत नाहीत. तिथे सस्पेन्शन आणि टायरची उंची कामाला येते. वीस इंची चाकावर पातळ टायर दिसायला देखणा, पण खड्ड्यात रिम वाकते. त्याच गाडीचं एक इंच लहान चाकाचं, जाड टायरचं मॉडेल मिळत असेल तर आपल्याकडे तेच घ्यावं. ज्याला नुसतं मिरवायचं नाही, त्याने तरी.

कायद्याचं मत मात्र अजून इंजिनाच्याच बाजूने आहे, ही गंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोलची १,२०० सीसीपर्यंतची आणि डिझेलची १,५०० सीसीपर्यंतची, चार मीटरच्या आतली कार १८ टक्के जीएसटीत आली. त्यावरची ४० टक्क्यांत, चैनीच्या वस्तूंच्या रांगेत. विजेची गाडी कितीही मोठी असो, ५ टक्के.

घ्यायचीच असेल तर

विदर्भातल्या लहान गावात अशी गाडी बहुतेकदा पुण्या-मुंबईची वापरलेली येते. सात-आठ वर्षांची ई-क्लास किंवा बीएमडब्ल्यूची फाइव्ह सिरीज नव्या मोठ्या एसयूव्हीच्या भावात मिळते, आणि दलाल सगळ्यात आधी एचपी सांगतो. त्याला बोलू द्या आणि आधी गाडीची चारही कोपऱ्यांची उंची बघा. हवेच्या सस्पेन्शनचे रबरी फुगे वयाने चिरतात. रात्रभर उभी ठेवलेली गाडी सकाळी एका बाजूला कललेली दिसली तर पुढचा खर्च इंजिनाच्या दुरुस्तीच्या तोडीचा असू शकतो, आणि तो करायला नागपूरच गाठावं लागेल.

इंधनाची निवड आपल्या फेऱ्यांवर करा. प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांतल्या डिझेल गाडीत काजळी पकडणारं फिल्टर असतं. ते साफ व्हायला धुराची नळी सहाशे अंशांच्या आसपास तापावी लागते, त्यासाठी वीसेक मिनिटं मोकळ्या रस्त्यावर सलग पळणं हवं. घर ते जिनिंग, जिनिंग ते बँक, असा चार-पाच किलोमीटरचा रोजचा वापर असेल तर फिल्टर तुंबतं आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. दर आठवड्याला नागपूर-पुणे असेल तर डिझेलसारखं सुख नाही. गावातल्या गावात फिरणाऱ्याने पेट्रोल किंवा टोयोटा कॅमरीसारखं हायब्रिड बघावं. कॅमरीची एकत्रित ताकद २३० पीएस आहे, सिलिंडर चारच, आणि गावाच्या वेगात ती कित्येकदा इंजिन बंद ठेवून मोटरवरच सरकते.

विजेच्या गाड्यांनी तर एचपीचा भावच पाडला आहे. बीवायडी या चिनी कंपनीच्या सील गाडीचं सगळ्यात वरचं मॉडेल २०२४ मध्ये ५३ लाखांना आलं, ताकद ५३० पीएस, शंभरचा वेग ३.८ सेकंदांत. त्याच वर्षी आलेली ई २०० साडेअठ्ठ्याहत्तर लाखांची, ताकद २०४. मोटरमध्ये पिस्टनच नाही, म्हणून बारा सिलिंडरची जी नितळता ती कोणत्याही विजेच्या गाडीत फुकट येते. मात्र इंजिनाचा आवाज गेला की दाराची करकर आणि टायरची घरघर उघडी पडते, आणि तिथेच स्वस्त आणि महाग गाडी वेगळी कळते.

फक्त चार्जिंगचा हिशेब आधी करा, तो आपल्याच भाषेत सोपा आहे. बीएमडब्ल्यू आय ७ ची बॅटरी १०१.७ किलोवॅट-तासांची. घरी ११ किलोवॅटचा चार्जर लावला तर रिकामी बॅटरी भरायला नऊ-दहा तास. ११ किलोवॅट म्हणजे सुमारे पंधरा एचपी, म्हणजे विहिरीवरच्या साडेसातच्या दोन मोटर रात्रभर एका वेळी चालवण्याइतका भार, आणि तोही थ्री-फेजवर. शेतीच्या जोडणीवरून गाडी चार्ज करता येत नाही, घरची जोडणी वाढवून घ्यावी लागते. गाडी बुक करण्याआधी महावितरणच्या उपविभागात जाऊन गावच्या डीपीवर तेवढा भार बसतो का, हे विचारून या.